तुम्ही विचारलंत म्हणून: मादी खाणार, तरी नर जातोच कशाला?

कोळ्याची मादी नराला खाते हे खरं का, आणि खरं असेल तर तो येडा जातोच कशाला, हे मला इतक्यांदा विचारलं जातं (बायको शेजारी उभी असेल तर सोबत तो ठरलेला जोकपण येतो) की आता लिहूनच टाकतो.

सगळ्यांत असं होत नाही हो. बरेच नर काम उरकून सटकतात. पण ऑस्ट्रेलियातला रेडबॅक बघा, नराचं वजन मादीच्या एक-दोन टक्के. तोंडाशी दोन छोटे अवयव असतात, पेडिपाल्प, त्यात तो आधीच वीर्य भरून ठेवतो, जुन्या पेनात शाई भरायचो ना तसं. एक पाल्प मादीत घातला की हा गडी चक्क कोलांटी मारतो आणि आपलं पोट नेमकं तिच्या तोंडावर नेऊन ठेवतो, ती वरून पाचकरस सोडत खायला लागते आणि याचं खाली चालूच. मग जिवंत असला तर दुसरा पाल्प घेऊन परत हजर, परत कोलांटी!

आता हा त्याग वगैरे नाही, सरळ हिशोब आहे. १९९६ मध्ये कोळ्यांच्या अभ्यासक मेडियान अँड्राडे यांनी दाखवलं की खाल्ल्या गेलेल्या नराचं मीलन जास्त वेळ चालतं, वाचलेल्यापेक्षा साधारण दुप्पट अंडी त्याची असतात, वर पोट भरलेली मादी दुसऱ्या नराला सहसा उभं करत नाही. आणि वाचून तरी काय करणार, ८० टक्क्यांहून जास्त नर मादी शोधता शोधताच मरतात, दुसरी कुठली मिळायला. त्यातही पळवाट आहेच म्हणा, काही नर शेवटची कात टाकून प्रौढ व्हायच्या बेतात असलेल्या मादीशीच जुळवून घेतात आणि ती बहुतेक वेळा खात नाही.

आपल्या सह्याद्रीतल्या जायंट वुड स्पायडरचा नर मला जास्त बेरकी वाटतो. मादी हाताच्या पंजाएवढी आणि हा इवलासा, तिच्याच जाळ्यात पडून असतो, ती शिकार खाण्यात गुंतली की हळूच जवळ जातो, मध्येच तिच्या पाठीवर फिरून रेशमाचे धागे अंथरतो, त्याने ती शांत राहते आणि याचा जीव वाचायचा चान्स वाढतो. पावसाळ्यात ताम्हिणीला गेलात तर मादीचा फोटो काढून लगेच पुढे पळू नका, जाळं नीट बघा, कधी कधी एकाच जाळ्यात तीन-चार नर नंबर लावून बसलेले असतात.