की बरोबरच होती

भोसरीतल्या एका प्रेस शॉपच्या (पत्र्याचे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या) ऑफिसचा सर्व्हर मी गेली चार वर्षं सांभाळतो. टॅली, पगार, थोड्या शेअर्ड फाइली, बस. एकच डेटा दोन डिस्कवर ठेवणाऱ्या मिररमधली एक डिस्क कधीचीच गेली होती. तिचा पिवळा दिवा सगळे रोज बघत होते, पण मला कळवावं असं कुणाला वाटलं नाही. शुक्रवारी दुपारी दुसरीनेही मान टाकली. आदल्या रात्रीचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर सापडला तेव्हा जीव भांड्यात पडला. नव्या डिस्क टाकून विंडोज सर्व्हर २०१९ स्टँडर्ड परत चढवायचं, दोन-तीन तासांचं काम. तसं शेठना सांगूनही बसलो.

पेनड्राइव्ह माझ्या बॅगेत कायम असतो. इन्स्टॉलेशन सरळ पार पडलं. मध्ये प्रॉडक्ट की, म्हणजे लायसन्सचा पंचवीस अक्षरी कोड, विचारलीच नाही, तेव्हा बरंच झालं म्हटलं. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती.

की होती मशीनवरच्या स्टिकरवर. वरची चंदेरी पट्टी कुणीतरी नाण्याने जोर लावून खरवडलेली, त्यात दोन अक्षरं अर्धी गेलेली. कमांड प्रॉम्प्टवर एसएलएमजीआर स्लॅश आयपीके ही की बसवायची कमांड देऊन पंचवीस अक्षरं टाकली. एरर आली, शेवट एफ०५०. म्हणजे की अवैध. अकाउंटंट काका भिंग घेऊन आले आणि त्यांनी एकेक अक्षर मोठ्याने वाचलं. मी टाइप केलं. पुन्हा एरर.

"काका, नीट बघा ना. ते पाच आहे की एस?"

"अरे, ना पाच, ना एस. जी आहे तो. जी फॉर गणपती."

पुढचा तासभर आम्ही हेच केलं. पाच, एस, शून्य, ओ, सगळं लावून पाहिलं. मायक्रोसॉफ्टच्या कीमध्ये ही अक्षरं येतच नाहीत. वाचताना गोंधळ नको म्हणून शून्य, एक, पाच, ओ, आय, एस ही मंडळी मुळातच वगळलेली असतात. फसू शकतात ते बी आणि आठ, जी आणि सहा. हे मला माहीत होतं, पण उद्या पगार काढायचेत म्हणून शेठ दर दहा मिनिटांनी डोकावत असतील तर माहीत असलेलंही आठवत नाही.

मग चहा आला. कप हातात घेऊन स्क्रीनवर वरपर्यंत स्क्रोल केलं, तर दोन एरर वेगवेगळ्या होत्या. माझ्या पहिल्या प्रयत्नाची एफ०५०, आणि काकांनी वाचून दाखवलेल्या कीची एफ०६९. ही दुसरी की चुकल्याची नव्हेच. की ओळखली, पण विंडोजच्या या एडिशनला, म्हणजे चढवलेल्या प्रकाराला, ती लागू नाही, असं ती सांगते. लायसन्सचा तपशील दाखवणारं एसएलएमजीआर स्लॅश डीएलव्ही दिलं, तर लायसन्सच्या प्रकाराच्या (चॅनलच्या) जागी टाइमबेस्ड इव्हॅल. पेनड्राइव्हवर १८० दिवसांची चाचणी आवृत्ती होती, म्हणूनच चढवताना की विचारली नव्हती. कधीतरी घरी प्रयोग करायला मीच उतरवलेली.

"चालतंय ना? मग राहू दे सहा महिने," असं शेठ म्हणाले. मुदत संपल्यावर हा सर्व्हर दर तासाला आपोआप बंद पडतो, हे सांगितल्यावर गप्प बसले.

सुदैवाने या सर्व्हरला डोमेन कंट्रोलर, म्हणजे ऑफिसभरची लॉगिन सांभाळणारा, अजून केला नव्हता. केला असता तर आधी ती भूमिका काढावी लागली असती, तोपर्यंत एडिशन बदलता येत नाही. डिस्म या विंडोजच्याच टूलच्या सेट-एडिशनने चाचणीचं सर्व्हरस्टँडर्ड करायला घेतलं, तर स्टिकरवरची की तिथेही नाकारली. ओईएम, म्हणजे मशीनसोबत आलेल्या, कीबाबत हे होतं. म्हणून मायक्रोसॉफ्टने स्वतः जाहीर केलेली स्टँडर्डची केएमएस क्लायंट की (मोठ्या संस्थांच्या सेटअपसाठीची सामायिक की) आधी वापरली. हिने अ‍ॅक्टिव्हेशन मिळत नाही, फक्त एडिशन बदलते. काम १० टक्क्यांवर जे अडकलं ते हलेना. नेटवर्कची केबल काढली आणि सुरू झालं. केबलमुळे की योगायोगाने, देव जाणे. मशीन दोनदा रीस्टार्ट झालं. मग आयपीकेने स्टिकरवरची की, त्यानंतर एटीओ, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून की मान्य करून घेणारी कमांड. मदरबोर्ड तोच असल्यामुळे फोनवरून की मान्य करून घ्यायची भानगडही करावी लागली नाही.

रात्री साडेदहाला टॅली उघडली. काका अजून बसलेले.

"कुठली की चालली शेवटी?"

"तुम्ही पहिल्यांदा वाचलेलीच."

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, खिशात ठेवला आणि म्हणाले, "पेनड्राइव्हवर नाव लिही आता. मोठ्या अक्षरात."