सुप्रीमो: आकार मोठा, पण चव?

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या गुळाच्या पेठेत आजोबा सौद्याला मांडलेल्या रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, रंग निरखून पाहत; पण टवका काढून जिभेवर ठेवल्याशिवाय त्यांनी भाव बोललेला मला आठवत नाही. कोलंबियाच्या कॉफीचे कच्चे दाणे निवडायला बसलो की मला त्यांचीच आठवण होते.

‘सुप्रीमो’ या नावाचा दबदबा मोठा असला, तरी ही प्रतवारी मुख्यतः आकाराची आहे. १७ नंबरच्या, म्हणजे सुमारे पावणेसात मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीवर राहतात ते दाणे सुप्रीमो, आणि त्यांहून थोडे लहान ते एक्सेल्सो. एकाच झाडावर दोन्ही सापडतात. सारख्या आकाराचा फायदा भाजताना होतो, हे खरे. मी बिडाच्या कढईत लहानमोठे दाणे एकत्र भाजले, तेव्हा लहान करपले आणि मोठे आतून कच्चट राहिले.

चव मात्र चाळणीला कळत नाही. कोलंबियाचा नारिन्यो प्रांत विषुववृत्तालगत असल्यामुळे तिथे अँडीजच्या उतारावर २००० मीटरच्या आसपासही कॉफी पिकते. तिथल्या गार रात्रींमुळे फळ सावकाश पिकते, दाणा घट्ट भरतो आणि कपात गोडीबरोबर एक स्वच्छ आंबटपणा उतरतो. तो आंबलेल्या दह्याचा नव्हे, पिकल्या संत्र्याचा आंबटपणा असतो, आणि माझ्या मते उत्तम कोलंबियन कॉफीचा खरा गुण तोच.

तो टिकतो निगुतीने. पिकलेली फळे हाताने तोडून, गर काढून, आंबवून, धुऊन दाणे ओलावा १० ते १२ टक्क्यांवर येईपर्यंत वाळवावे लागतात. आंबवण्यात हयगय झालेला एखादा दाणाही अख्ख्या किटलीची चव बिघडवू शकतो. म्हणूनच ‘स्पेशालिटी’ या वरच्या दर्जाच्या कॉफीच्या प्रचलित तपासणीत ३५० ग्रॅमच्या नमुन्यात पूर्ण काळा किंवा आंबूस असा एकही दाणा चालत नाही, आणि चवीला १०० पैकी किमान ८० गुण लागतात.

परवा खिडकीजवळ परातीत दाणे पसरले. निळसर हिरवे, टणक, मधल्या चिरेत चंदेरी पापुद्रा अडकलेला. त्यांत एकाच दाण्याला किडीने टाचणीएवढे भोक पाडलेले होते. तो बाजूला काढला. मूठभर दाणे भाजून दुसऱ्या दिवशी बिनदुधाची कॉफी केली आणि ती कोमट होईपर्यंत थांबलो, कारण वाफाळत्या घोटात दोष लपतात. संत्र्याची ती चव शेवटच्या घोटापर्यंत टिकली.