भाच्याची ॲडमिशन आणि द्राक्षाचा ब्लोअर

ताईकडे सीईटीचा निकाल लागल्यापासून एकच विषय चालूय, बीएस्सी केमिस्ट्री की केमिकल इंजिनीअरिंग. दाजी म्हणतात युनिव्हर्सिटीची डिग्री घेऊ दे, नाव मोठं असतं, ताई म्हणते टेक्निकल कॉलेजला टाका, निदान नोकरी तरी लागेल, आणि ज्याची ॲडमिशन आहे तो मोबाईल घेऊन गच्चीवर. मला बोलवलं कारण घरातली एकटी बीएस्सी मी, आणि अंबड एमआयडीसीत बारा वर्षं क्यूसी लॅबला, म्हणजे मालाचा दर्जा तपासायच्या लॅबला, घासतेय.

आता दाजींचा मुद्दा पहिल्या चहातच निकाली निघाला. नाशकात तुम्ही आरवायकेला बीएस्सी करा, केटीएचएमला करा नाहीतर पुणे विद्यापीठाशी जोडलेल्या कुठल्याही इंजिनीअरिंग कॉलेजला जा, डिग्रीच्या कागदावर नाव एकच येतं, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. 1949 चं विद्यापीठ, आपला नाशिक जिल्हा त्याच्याच पोटात. तिकडे मुंबईचं आयसीटी, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, ज्याचं नाव काढलं की केमिकलवाले कान टवकारतात, ते तर 1933 ला मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून सुरू झालं, जुने लोक अजून यूडीसीटीच म्हणतात, 2008 ला ते स्वतंत्र झालं. म्हणजे विद्यापीठ मोठं की टेक्निकल कॉलेज, हे भांडण नावावरून करण्यात अर्थच नाही.

तीन वर्षं की चार हे पण आता राहिलं नाही, नव्या धोरणात बीएस्सी पण ऑनर्ससकट चार वर्षांची होते, तीनला बाहेर पडायचं तर पडा.

मग फरक कुठाय? मी भाच्याला म्हटलं, रोज दुपारी तुझे हात काय करणार ते बघ. बीएस्सीला आमचं कसं होतं, जेवून आलं की ॲप्रन चढवायचा, ब्युरेट (खाली तोटी असलेली मोजमापाची काचेची नळी) धुवायची, फ्लास्कमधे रंग दाखवणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब आणि मग तोटी अर्धवट उघडून एकेक थेंब सोडत बसायचं. हलवल्यावर फिकट गुलाबी रंग टिकला की थांब. गडद झाला की गेलं, धू परत. तीन रीडिंग जुळायला पाहिजेत, आणि निम्मी बॅच तिसरं मनानेच लिहायची (मी पण, एकदाच, सरांनी जर्नल टेबलावर आपटलं होतं). आज मी ज्या कामाचा पगार घेते ते हेच आहे, दुसऱ्यांदा करून तोच आकडा येतो का. पण आमच्या कॉलेजात स्पेक्ट्रोफोटोमीटर प्लॅस्टिकच्या कव्हरखालीच असायचा, टीवायपर्यंत, म्हणजे तिसऱ्या वर्षापर्यंत, लांबूनच दर्शन, आणि एचपीएलसीला (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायचं मशीन) पहिल्यांदा हात लावला तो नोकरीत. त्यामुळे कॉलेज बघायला गेलात तर ऑफिसात माहितीपत्रक मागू नका, टीवायच्या पोरांना गाठा आणि विचारा, तुम्ही स्वतः कुठलं मशीन चालवलंय.

केमिकल इंजिनीअरिंगला केमिस्ट्री फार नसते हे तर कुणी सांगतच नाही राव. पंप, पाइप, हीट एक्स्चेंजर, डिस्टिलेशन, मास बॅलन्स आणि ढीगभर मॅथ्स. फ्लास्कमधे 100 मिलीला जे छान होतं तेच 5000 लिटरच्या रिॲक्टरमधे करायला गेलं की माल गरम होतो आणि थंड व्हायला जागाच पुरत नाही, कारण भांडं मोठं झालं की आतला माल जितका वाढतो तितका बाहेरचा पत्रा वाढत नाही. ती गरमी बाहेर कशी काढायची हा इंजिनीअरचा प्रश्न. आमच्या प्लँटवाल्यांचं आणि आमचं भांडण रोजचं असतं ते याच्यामुळेच, त्यांना बॅच काढायची घाई, आम्हाला सॅम्पलचा आकडा.

आणि एक दार असं आहे जे ताईला माहीतच नव्हतं. बारावीला मॅथ्स असेल तर बीएस्सीनंतर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीचा रस्ता आहेच. उलटं मात्र अवघड, इंजिनीअरिंग करून केमिस्ट्रीत एमएस्सी करायची तर बहुतेक ठिकाणी बीएस्सी केमिस्ट्रीच मागतात. म्हणून मी मनातून बीएस्सीच्या बाजूने होते, खोटं कशाला बोलू.

मग रविवारी दिंडोरीला दाजींच्या बागेत गेलो. द्राक्ष एक्स्पोर्टचं म्हटलं की औषध मारल्यावर तोडणीपर्यंत किती दिवस थांबायचं तो पीएचआय सगळ्यांना तोंडपाठ, आणि नंतर लॅबमधे रेसिड्यू, म्हणजे मालावर उरलेलं औषध, तपासतात, ते सगळं केमिस्ट्रीवाल्यांचं काम. मी मुद्दाम तोच विषय काढला, म्हटलं ते औषध पानावर बसल्यावर जातं कुठे, ऊन लागून तुटतं, पाण्याने तुटतं, मग त्यातून दुसरंच काहीतरी तयार होतं, लॅबला ते पण शोधावं लागतं. पोरगा हं हं करत होता. नजर होती ट्रॅक्टरला जोडलेल्या फवारणीच्या ब्लोअरवर. वरच्या नोझलमधून फवारा बारीक पडतो आणि खालून जाड, असं का, टाकीत औषध तळाला बसत नाही का, ढवळायला आत काय असतं, पंखा उलटा फिरवला तर काय होईल. दहा मिनिटं माझं रेसिड्यू कुणीच ऐकलं नाही.

परत येताना गाडीत मी गप्पच. ताईने विचारलं काय ठरवायचं, म्हटलं इंजिनीअरिंगच्या ॲडमिशनचा, कॅप राउंडचा फॉर्म त्यालाच भरू दे, बीएस्सीचा अर्ज पण टाकून ठेवा, पैसे जास्त जात नाहीत.

रात्री साडेअकराला मेसेज आला, मावशी ब्लोअरच्या पंपाचं प्रेशर किती असतं गं. मला काय माहीत, म्हटलं दाजींना विचार. तर म्हणे पप्पा इथेच बसलेत गच्चीवर, तेच म्हणाले तुला विचार.