हाइनेच्या कवितेत विनोद नेमका कुठे बसतो

एकोणिसाव्या शतकातला जर्मन कवी हाइनरिश हाइने याची एक आठ ओळींची कविता आहे. समुद्रकाठी एक तरुणी उभी आहे. सूर्य मावळतोय आणि ते बघून व्याकूळ झालेली ती लांब उसासे टाकतेय. इथे चार ओळी होतात. पुढच्या चारांत कवी तिला म्हणतो, बाई, एवढं मनाला लावून घेऊ नका, हा खेळ जुनाच आहे. सूर्य इथे पुढ्यात बुडतो आणि मागच्या बाजूने परत येतो.

रचना अगदी साधी आहे. ओळीत तीन आघात, एकाआड एक यमक, चार-चार ओळींची दोन कडवी. हा लोकगीताचा घाट. अर्निम आणि ब्रेंटानो या दोन जर्मन कवींनी १८०५ ते १८०८ या काळात जर्मन लोकगीतांचा मोठा संग्रह काढला आणि त्यानंतरच्या कवींच्या हाती हे वळण आपसूक आलं. हाइने ते जसंच्या तसं घेतो, आधी भावना पुरती उभी करतो आणि मग शेवटच्या दोन-तीन ओळींत तिच्या पायाखालची सतरंजी ओढतो. जर्मन समीक्षेत याला भावभंग म्हणतात.

ही कविता म्हणून दाखवणारे बहुतेक लोक पहिल्या ओळीपासूनच मिस्कील सूर लावतात आणि तिथेच घोटाळा होतो. सूर्यास्त खरोखर सुंदर वाटलाच नाही तर शेवटाला धक्का कशाचा बसणार? पहिलं कडवं सरळ, मनापासून म्हणावं, मध्ये क्षणभर थांबावं, आणि दुसरं बोलण्याच्या पट्टीत, जरा भरभर म्हणावं.

हाइनेला निसर्गाचं काही वाटत नव्हतं, असा निष्कर्ष यातून काढणारे मला भेटतात आणि दर वेळी वाईट वाटतं. १८२४ च्या सप्टेंबरात तो ग्योटिंगेनहून हार्त्सच्या डोंगरांत पायी गेला. त्या प्रवासाचं पुस्तक १८२६ साली आलं. त्यात तिथल्या ब्रोकेन शिखरावरचा सूर्यास्त आहे. मनोऱ्यावर जमलेली माणसं गप्प झाली आहेत. एका अवाढव्य चर्चमध्ये भाविक उभे आहेत, धर्मगुरू प्रसाद उंचावतो आहे आणि ऑर्गनमधून पालेस्त्रिना या जुन्या इटालियन संगीतकाराचं संगीत झरतं आहे, असं त्याला वाटतं. तेवढ्यात शेजारचा एक तरुण व्यापारी उद्गारतो, ‘निसर्ग सर्वसाधारणपणे किती सुंदर असतो!’ हसू येतं ते त्या ‘सर्वसाधारणपणे’ला. सूर्यास्ताला हाइने बोटसुद्धा लावत नाही. त्याचा राग आहे तो उसन्या, पाठ केलेल्या भावनेवर.

प्रेमाबद्दलही तेच. १८२३ सालच्या एका कवितेत चहाच्या टेबलाभोवती बडी मंडळी प्रेमावर चर्चा करत बसली आहेत. वाळकुडे सरकारी सल्लागार म्हणतात, प्रेम निष्काम असावं. त्यांची पत्नी उपहासाने हसते, पण तिच्या तोंडून ‘हाय!’ निघून जातं. चर्चचे अधिकारी तोंड भरून सांगतात, प्रेम फार रांगडं असू नये, तब्येतीला बाधतं. एक मुलगी हळूच विचारते, ‘ते कसं काय?’ सरदारणीबाई खिन्नपणे म्हणतात, प्रेम ही एक वासना आहे, आणि लगोलग बॅरनसाहेबांच्या हातात कप देतात. एकेका माणसाला जेमतेम एक ते चार ओळी, त्यात एक मत आणि एक हालचाल. त्या कपाकडे नीट बघा, सगळी गंमत तिथे आहे. शेवटी कळतं की टेबलापाशी एक जागा रिकामी होती, आणि तिथे कवीची प्रेयसी असती तर तिने तिच्या प्रेमाबद्दल किती छान सांगितलं असतं! इथे मात्र हसता येत नाही.

आपल्याला लगेच पटेल अशी कविता विश्वामित्रावरची. बॉनमध्ये हाइने आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेलचा विद्यार्थी होता आणि बर्लिनला फ्रान्त्स बोपच्या व्याख्यानांना जायचा. दोघेही जर्मनीतले संस्कृतचे आद्य अभ्यासक. बोपच्या १८१६ च्या ग्रंथात रामायणातली विश्वामित्राची कथा जर्मनमध्ये दिलेली आहे. हाइनेने तिच्या आठ ओळी केल्या: राजा विश्वामित्राला चैन नाही, युद्ध आणि तप करून त्याला वसिष्ठाची गाय हवी आहे, अरे विश्वामित्रा, केवढा बैल आहेस तू, एवढी झुंज आणि एवढं तप, आणि सगळं एका गायीसाठी! सम ओळींना शेवटपर्यंत एकच यमक आहे, त्यामुळे राजाचा हट्ट कानालाच ऐकू येतो. ही कविता निराश प्रेमाच्या कवितांच्या मालिकेत येते. त्यामुळे तो बैल म्हणजे प्रेमात पडलेला कवी स्वतःच, असं मी वाचतो. हॅम्बुर्गच्या श्रीमंत काकांची मुलगी आमाली हिच्यावर त्याचं प्रेम होतं आणि १८२१ मध्ये तिने दुसऱ्याशी लग्न केलं.

श्रद्धेचा भाग जास्त कठीण आहे. ज्यू घरात जन्मलेल्या हाइनेने जून १८२५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, कारण प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यात ज्यूंना विद्यापीठातल्या पदांची दारं बंद झाली होती. बाप्तिस्म्याचा दाखला म्हणजे युरोपीय संस्कृतीत शिरायचं तिकीट, हे त्याचं वाक्य सगळे उद्धृत करतात. पण त्या तिकिटावर त्याला प्राध्यापकाची जागा मिळाली नाही, हे सांगितल्याशिवाय त्या वाक्यातला कडवटपणा कळत नाही.

१८४८ पासून तो पॅरिसमध्ये अंथरुणाला खिळला, तो १८५६ मध्ये जाईपर्यंत. १८५१ च्या कवितासंग्रहाच्या उपसंहारात तो लिहितो की मे १८४८ मध्ये शेवटचा बाहेर पडला तेव्हा लूव्हर संग्रहालयात मिलोच्या व्हीनसच्या, म्हणजे प्रेमदेवतेच्या प्राचीन मूर्तीच्या, पायाशी पडून खूप रडला. देवीने करुणेने पाहिलं, पण जणू म्हणत होती, ‘मला हात नाहीत, मी कशी मदत करू, दिसत नाही का तुला?’ कला, प्रेम आणि देव एकाच वाक्यात, आणि ज्यावर विनोद केलाय ती गोष्ट खरीच: त्या मूर्तीला हात नाहीत. त्याच उपसंहारात तो देवाकडे परतल्याचं सांगतो. मात्र मृत्युपत्रात अंत्यसंस्काराला कुठलाही धर्मगुरू नको, असं त्याने स्पष्ट लिहून ठेवलं. ‘देव मला क्षमा करेल, तो त्याचा धंदाच आहे’ हे मरतानाचं वाक्य इतरांनी सांगितलेलं आहे. त्यापेक्षा हा उपसंहार वाचावा.

सुरुवात हाइनेच्या १८२७ च्या गीतसंग्रहापासून करावी, पण एका बैठकीत दहापेक्षा जास्त कविता नकोत. सलग वाचल्या की प्रत्येक शेवट आधीच ओळखू येतो आणि धक्का बोथट होतो. सोबत जर्मन संगीतकार शूमानने १८४० मध्ये हाइनेच्या कवितांवर बांधलेली सोळा गाणी ऐका. त्यातल्या अकराव्या गाण्यात एक मुलगा एका मुलीवर प्रेम करतो, ती दुसऱ्यावर, आणि तो दुसरा आणखी एकीवर; चाल जवळजवळ नाचरी आहे आणि शब्द शेवटी काळीज दुभंगल्याचे.