किनाऱ्यावरच्या छोट्या अमेरिकन गावात कोण राहतं? जनगणनेचे तक्ते वाचताना

अमेरिकेतल्या कुठल्याही लहान गावाची माहिती काढा, त्यात एक साचेबंद परिच्छेद सापडतोच: लोकसंख्या इतकी, त्यात गोरे इतके टक्के, कृष्णवर्णीय इतके, आशियाई इतके आणि शेवटी हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांशी नातं सांगणारे, इतके. मोठ्या शहरासाठी हे टक्के ढोबळ चित्र तरी देतात. समुद्रकाठच्या पाच-सहाशे वस्तीच्या गावात मात्र ते हमखास फसवतात. वस्ती मूठभर, निम्मी घरं उन्हाळ्यापुरती उघडणारी, मासळीच्या कारखान्यात हंगामी मजूर, आणि मोजणी एका ठरावीक तारखेची. त्यामुळे आधी तक्ता कसा तयार होतो ते समजून घ्यावं आणि मगच टक्क्यांकडे वळावं.

भारतातल्या जनगणनेत वंश विचारत नाहीत, म्हणून आपल्या वाचकांचा पहिला गोंधळ इथेच होतो. २०२०च्या अमेरिकी फॉर्मवर दोन वेगळे प्रश्न होते. आधी, तुम्ही हिस्पॅनिक किंवा लॅटिनो आहात का? त्यानंतर वंश: गोरे, कृष्णवर्णीय, अमेरिकन इंडियन किंवा अलास्कातले मूळनिवासी, आशियाई, हवाई व पॅसिफिक बेटांवरचे मूळनिवासी, आणि ‘अन्य’. २००० सालापासून एकाहून जास्त खुणा करता येतात. म्हणजे हिस्पॅनिक हा त्या हिशेबात वंशच नाही. हिस्पॅनिक माणूस वंशाच्या कुठल्याही रकान्यात असू शकतो. भारतीय लोक आशियाईत मोजले जातात, पण तेही १९८०पासून. १९७०च्या जनगणनेत त्यांची गणना गोऱ्यांमध्ये झाली होती. मार्च २०२४मध्ये हे दोन्ही प्रश्न एक करून मध्यपूर्व व उत्तर आफ्रिकेसाठी वेगळा गट देण्याचं संघराज्य पातळीवर ठरलं. २०२० आणि त्याआधीचे आकडे मात्र जुन्याच पद्धतीचे आहेत.

आता ६४० वस्तीचं एक काल्पनिक गाव घेऊ. मतदारसंघ आखणीसाठी जे तक्ते प्रसिद्ध होतात, त्यातला ‘पी १’ फक्त वंशाचा असतो. समजा त्यात गोरे ५४८, कृष्णवर्णीय ६, मूळनिवासी ७, आशियाई ९, अन्य २६ आणि दोन किंवा अधिक वंशांचे ४४ आहेत. बेरीज ६४०. हिस्पॅनिक ५८ आहेत असं दुसरीकडे दिसतं आणि लिहिणारा ते ९ टक्के शेवटी जोडून देतो. बेरीज १०९ टक्के होते आणि वाचणाऱ्याला वाटतं, टंकनाची चूक असेल. खरं तर ते ५८ जण आधीच गोरे, अन्य, मूळनिवासी आणि मिश्र या रकान्यांत विभागून बसलेले आहेत. म्हणून गावाचं चित्र एका बेरजेत हवं असेल तर ‘पी २’ उघडा. त्यात हिस्पॅनिक आधी बाजूला काढून उरलेल्यांची वंशानुसार फोड असते. आपल्या गावात ती अशी येईल: हिस्पॅनिक ५८, बिगरहिस्पॅनिक गोरे ५३०, मिश्र ३१, आशियाई ९, कृष्णवर्णीय ६, मूळनिवासी ४, अन्य २. पुन्हा ६४०. लिहिताना दोन्हींपैकी एकच तक्ता वापरावा आणि कुठला ते सांगावं.

‘मिश्र’ रकान्याबद्दल विशेष सावध राहा. देशभरात दोन किंवा अधिक वंशांचे लोक २०१०मध्ये ९० लाख होते, २०२०मध्ये ३ कोटी ३८ लाख झाले. दहा वर्षांत इतकी लग्नं आणि बाळं होत नाहीत. यातली बरीच वाढ फॉर्म आणि संकेतांकनाची आहे. गोरे आणि कृष्णवर्णीय या खुणांखाली मूळ लिहायला पहिल्यांदाच ओळ दिली गेली आणि लिहिलेल्या मजकुराची ३० ऐवजी २०० अक्षरं वाचली गेली. कुणी ‘गोरे’वर खूण करून खाली एखाद्या लॅटिन अमेरिकी देशाचं नाव लिहिलं, तर त्याची नोंद गोरे आणि अन्य अशा दोन वंशांत होऊ शकली. तेव्हा ‘आमच्या गावात गोरे कमी झाले’ असं २०१० आणि २०२०ची तुलना करून लिहिण्याआधी थांबावं. माणसं तीच आणि घरं तीच असूनही रकाना बदललेला असतो. मूळनिवासींबाबत तर हा फरक डोळ्यांत भरतो: २०२०मध्ये फक्त तेवढीच खूण करणारे ३७ लाख, इतर वंशांसोबत ती खूण करणारे धरले तर ९७ लाख. किनाऱ्यावरच्या आदिवासी वस्तीबद्दल लिहिताना दोन्ही आकडे द्यायलाच हवेत.

६४० जणांत एक टक्का म्हणजे सहा-सात माणसं. चौघांचं एक फिलिपिनो कुटुंब आलं की आशियाई ९चे १३ होतात, म्हणजे ४४ टक्के वाढ! अशा ठिकाणी टक्के लिहूच नयेत, माणसं लिहावीत. आणि ते ९ सुद्धा तंतोतंत ९ नसतात. २०२०पासून व्यक्तींची ओळख उघड होऊ नये म्हणून आकड्यांत मुद्दाम थोडी गणिती सरमिसळ केली जाते. राज्याची एकूण लोकसंख्या आणि प्रत्येक ब्लॉकमधली, म्हणजे मोजणीच्या सगळ्यात लहान तुकड्यातली, घरांची आणि वसतिगृहं-तुरुंगांसारख्या सामूहिक निवासांची संख्या तेवढी जशीच्या तशी ठेवतात. गावाच्या लोकसंख्येला आणि वंशाच्या रकान्यांना ती सूट नाही. ब्लॉकपर्यंत खाली उतरलात तर प्रौढ एकही नाही आणि मुलं मात्र आहेत, अशाही नोंदी भेटतात. गावाच्या खाली उतरू नका.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: कोणाला कुठे मोजलं? जनगणनेचा दिवस १ एप्रिल, आणि नियम ‘बहुतेक काळ जिथे राहतो तिथे’. उन्हाळी घराचा मालक त्याच्या शहरातल्या घरी मोजला जातो. त्याचं किनाऱ्यावरचं घर रिकाम्या घरांत जातं, ‘हंगामी, करमणुकीसाठी किंवा अधूनमधून वापर’ या उपगटात. २०२०च्या लोकसंख्या आणि घरांच्या सविस्तर आकडेवारीतला ‘एच ५’ तक्ता आधी उघडा. ९०० घरांपैकी ४५० तिथे सापडली, तर समजा की जुलैत रस्त्यावर दिसणारं गाव आणि तक्त्यातलं गाव वेगळं आहे. याउलट अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे, म्हणजे एसीएस, वर्षभर चालतो आणि त्यात दोन महिन्यांहून जास्त मुक्काम असला की माणूस तिथलाच धरतात. त्यामुळे एकाच गावाचे दोन्हीकडचे आकडे जुळत नाहीत, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

हंगामी मजुरांचंही असंच. मेरीलँडच्या हूपर्स आयलंडवर खेकड्याचं मांस काढायला मेक्सिकोहून एच-टू-बी व्हिसावर, म्हणजे शेतीबाहेरच्या हंगामी कामाच्या परवान्यावर, माणसं येतात, त्यात बायका जास्त. हंगाम साधारण एप्रिल ते नोव्हेंबर. मोजणीची तारीख नेमकी हंगामाच्या उंबरठ्यावर पडते. अलास्कात अल्यूशन बेटांवरच्या उनालास्कामध्ये मासळी प्रक्रियेच्या कारखान्यांतले कामगार कंपनीच्या वसतिगृहात राहतात आणि ‘सामूहिक निवास’ या सदरात मोजले जातात. तिथल्या आशियाई, मुख्यतः फिलिपिनो, संख्येचा मोठा भाग समजून घ्यायला हेच सदर बघावं लागतं. तुरुंग जवळ असेल तर आणखी गडबड. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या क्रेसेंट सिटीच्या हद्दीत पेलिकन बे हा राज्य तुरुंग येतो. कैदी तुरुंगातच मोजले जात असल्यामुळे गावाच्या वांशिक चित्रात ते मिसळलेले असतात. मतदारसंघ आखणीच्याच तक्त्यांतल्या ‘पी ५’मध्ये सामूहिक निवासाचे प्रकार आणि त्यांतली माणसं दिलेली असतात. तिथे मोठा आकडा दिसला की घरांत राहणाऱ्यांचं चित्र वेगळं काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. अलास्काच्या दुर्गम गावांत तर मोजणी एप्रिलपर्यंत थांबतच नाही. लोक मासेमारी आणि शिकारीला पांगण्याआधी, जमीन गोठलेली असताना ती उरकतात. २०२०ची जनगणना अशीच २१ जानेवारीला टोकसूक बे या किनाऱ्यावरच्या गावातून सुरू झाली.

रकाने काय लपवतात, हाही भाग तितकाच मोलाचा आहे. अलाबामातल्या बायू ला बॅट्रीत कोळंबी आणि खेकड्यांच्या धंद्यात व्हिएतनामी, लाओ आणि कंबोडियन कुटुंबं आहेत. वरच्या तक्त्यात ती सगळी एका ‘आशियाई’ शब्दात बसतात. जॉर्जियाच्या सापेलो बेटावरच्या हॉग हॅमकमधले गुल्ला गीची लोक, ज्यांची स्वतःची भाषा आणि परंपरा आहे, ते तिथे फक्त ‘कृष्णवर्णीय’ दिसतात. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर अझोर्सहून आलेली पोर्तुगीज मच्छीमार कुटुंबं ‘गोरे’ या रकान्यात विरघळतात, आणि केप व्हर्दे बेटांशी नातं सांगणारे गोरे, कृष्णवर्णीय, अन्य किंवा एकाहून अधिक खुणा करतात. इथे एसीएसचे तीन तक्ते कामी येतात: पूर्वजांच्या मुळाचा ‘बी०४००६’, परदेशी जन्माचा ‘बी०५००६’ आणि हिस्पॅनिक लोकांच्या मूळ देशांचा ‘बी०३००१’. २०२०च्या जनगणनेवरून केलेली तपशीलवार गटांची आकडेवारी सप्टेंबर २०२३मध्ये आली. तीही जरूर तपासावी, फक्त लहान गटांसाठी तिथे एकूण संख्येपलीकडे फारसं काही मिळत नाही.

एसीएस मात्र नमुना पाहणी आहे. २० हजारांखालच्या गावाला पाच वर्षांचा एकत्रित अंदाजच मिळतो आणि प्रत्येक आकड्याशेजारी मार्जिन ऑफ एरर, म्हणजे अंदाज किती इकडेतिकडे असू शकतो ते, असतं, ९० टक्के विश्वासपातळीचं. समजा आशियाई १४, अधिक-उणे १९. १९ला १.६४५ने भागा (९० टक्के पातळीसाठीचा ठरलेला आकडा), साधारण ११.५ येतात, ही प्रमाण त्रुटी. त्याला १४ने भागा, ८२ टक्के. हे प्रमाण तीस-चाळीस टक्क्यांवर गेलं की तो आकडा छापण्याच्या लायकीचा नाही असं माझं ठाम मत आहे. ‘काही आशियाई कुटुंबं आहेत’ एवढंच लिहावं. दोन गट एकत्र करायचे असतील तर मार्जिनची सरळ बेरीज करू नका. वर्ग करून बेरीज करा आणि वर्गमूळ काढा. ५ वर्षांचे दोन अंदाज शेजारी ठेवताना वर्षं एकमेकांवर चढत नाहीत ना तेही बघा. २०१५–२०१९ आणि २०२०–२०२४ चालेल, २०१८–२०२२ आणि २०२०–२०२४ नाही.

सुटलेली माणसं कोण, याचाही अंदाज आहे. जनगणना विभागाने २०२०नंतर केलेल्या पडताळणीत राखीव आदिवासी भूमीवरचे मूळनिवासी ५.६४ टक्के, हिस्पॅनिक ४.९९ टक्के आणि कृष्णवर्णीय ३.३० टक्के कमी मोजले गेल्याचं निघालं, तर बिगरहिस्पॅनिक गोरे १.६४ टक्के जास्त. हे देशाचे सरासरी आकडे आहेत, ते गावाच्या संख्येला गुणून ‘दुरुस्ती’ करू नये. कल कुठल्या बाजूला आहे तेवढं कळतं.

पडताळणीसाठी दोन चांगल्या जागा आहेत. संघराज्याच्या शिक्षण आकडेवारीत प्रत्येक सरकारी शाळेची पटसंख्या वंश आणि हिस्पॅनिक मूळ धरून दरवर्षी मिळते. गावात एकच शाळा असेल तर तरुण कुटुंबांमधला बदल तिथे जनगणनेच्या कितीतरी आधी दिसतो. फक्त शाळेचा परिसर आणि गावाची हद्द एक आहे का ते नकाशावर बघून घ्या. आणि श्रम खात्याच्या एच-टू-बी नोंदींत मालकाने किती जागांसाठी, कोणत्या तारखांना, कुठल्या गावात मजूर मागितले ते असतं. मंजूर जागा म्हणजे आलेली माणसं नव्हेत, पण खेकडे-कोळंबीच्या गावात ही यादी पाहिल्याशिवाय एप्रिलचा तक्ता अर्धवटच राहतो.