आमची वाटचाल: छर्रे, ग्रीस आणि परळी खोऱ्यात उतरणारी पायवाट

साताऱ्यात राजवाड्यामागच्या गल्लीत आण्णांचं सायकलचं दुकान. तासावर सायकल भाड्याने द्यायची, वहीत नाव आणि वेळ टिपायची, मधल्या वेळात पंक्चर काढायचं, चाकाची आऊट काढायची. पावसाळा संपला की हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, उघडून आतले छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे आणि नव्या ग्रीसमध्ये बसवायचे. शाळेतून आलो की छर्रे मोजायचं काम माझं. एक जरी कमी भरला तरी आण्णा हब बंद करू देत नसत. पुढे घरोघरी मोटारसायकल आली, भाड्याचा धंदा बसला आणि मी डिप्लोमा करून भोसरीला कारखान्यात लागलो. आज आम्ही लोकांना डोंगरातल्या पायवाटेने सायकलवर खाली उतरवतो. या धंद्याची सुरुवात मात्र त्याच दुकानात झाली, म्हणून आधी आण्णांचं नाव.

कारखान्यातल्या एका मित्राकडे जाड टायरची, पुढच्या चिमट्यात सस्पेन्शन असलेली सायकल होती. २०१३ च्या हिवाळ्यात ती दोन दिवस मागून साताऱ्याला आणली. पहाटे पोवई नाक्यावरून निघालो, सज्जनगड मागे टाकला आणि ठोसेघरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, चढलो. परतायला डांबरी रस्ता होताच, पण गुरं चारणाऱ्या एका मामांनी हात करून दाखवलं. "हितनं खाली गेलास की परळीच्या अंगाला निघशील. यस्टी नव्हती तवा आम्ही बाजाराला ह्याच वाटंनं जायचो." मी उतरलो. निम्मी वाट सायकलवर आणि निम्मी सायकल हातात धरून. खाली पोचलो तेव्हा हात थरथरत होते आणि नोकरी सोडायचं मनात पक्कं झालं होतं.

ती वाट कशी आहे ते सांगायलाच हवं, कारण आमचं सगळं घर तिच्यावर उभं आहे. रुंदी एका माणसापुरती. डोंगरात सायकल चालवण्याच्या या खेळात, माउंटन बायकिंगमध्ये, अशा वाटेला सिंगलट्रॅक म्हणतात. वर सड्यावर जांभा दगड, खरखरीत, टायरला घट्ट धरणारा. मग कड्याची कड आणि करवंदीच्या जाळ्या. तिथे तांबडी माती आणि सुटा मुरूम, ब्रेक जरा जास्त दाबला की मागचं चाक सरकतं. त्याखाली जांभूळ-अंजनीची गच्च झाडी, पाचोळ्याखाली लपलेली मुळं, आणि हिवाळ्यात दहा वाजेपर्यंत न सुकणारं दव. झाडी संपते तिथे दरी एकदम उघडते. खाली उरमोडी धरणाचं पाणी, एका अंगाला सज्जनगड, पाठीमागे सड्यावर चाळकेवाडीच्या पवनचक्क्या. तिथे आम्ही सगळ्यांना सायकलवरून उतरवतो. पोटभर बघून घ्या म्हणतो, कारण पुढचं वळण दरीकडे बघत घेता येत नाही.

घरी सांगितलं तेव्हा आण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "डोंगरातनं सायकल खाली आणायला लोक पैसे देतील?" मी त्यांना रीपॅकची गोष्ट सांगितली. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीमध्ये काही पोरं जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन एका कच्च्या रस्त्याने डोंगर उतरायची. सुमारे साडेतीन किलोमीटरमध्ये जवळजवळ ४०० मीटरचा उतार. २१ ऑक्टोबर १९७६ ला तिथे पहिली शर्यत झाली. त्या सायकलींना पॅडल उलटं मारून लागणारा ब्रेक होता, मागच्या हबच्या आत. खाली येईपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा, आणि पुन्हा उतरायचं तर हब खोलून नवं ग्रीस भरावं लागायचं. त्या ग्रीस भरण्यावरूनच रस्त्याचं नाव रीपॅक पडलं. त्यातल्याच काहींनी पुढे डोंगरासाठी वेगळ्या सायकली बांधल्या आणि १९९६ साली अटलांटामध्ये हा खेळ ऑलिम्पिकला गेला. आण्णांनी ऑलिम्पिकचं ऐकून घेतलं, पण त्यांचं लक्ष हबमध्ये अडकलं होतं. "ग्रीस जळत होतं म्हणजे ब्रेक सोडतच नसणार लेकाचे," म्हणाले. हे वाक्य तेव्हा नीट ऐकलं असतं तर पुढचं एक संकट टळलं असतं.

२०१५ च्या दसऱ्याला सहा सायकलींवर सुरुवात केली. पीएफचे पैसे, थोडं कर्ज, आणि दोन सायकली पुण्यातून जुन्या घेतलेल्या. दुरुस्ती मी आणि धाकटा भाऊ, बुकिंग आणि हिशोब बायकोकडे. पहिलं वर्ष तोट्यात गेलं. बायको शिकवण्या घेत होती, म्हणून घर चाललं.

त्या वर्षात सगळ्यात जास्त वेळ काट्यांनी खाल्ला. बाभळीचा काटा, करवंदीचा काटा. सहा जणांच्या एका फेरीत चार पंक्चर व्हायचे. शेवटी ट्यूब काढून टाकल्या आणि टायर ट्यूबलेस केले. आत पातळ सीलंट असतं, ते फिरत्या चाकात भोकापर्यंत जाऊन तिथेच घट्ट होतं. आयुष्यभर सोल्यूशन आणि ठिगळावर घर चालवलेल्या आण्णांनी टायरमध्ये मुद्दाम काटा खुपसून उपटला आणि कान लावून बसले. फुस्स झालं, पांढरा थेंब बाहेर आला, आवाज थांबला. त्या दिवसापासून सीलंट भरायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. हवेचंही असंच. रस्त्यावर पळवायच्या बारीक टायरमध्ये ८० ते १०० पीएसआय हवा लागते. आमच्या टायरमध्ये २२ ते २६ भरतो, म्हणजे टायर दगडावर बसतो, दगडावरून उडत नाही. आण्णा अजूनही आधी अंगठ्याने दाबून आकडा सांगतात आणि मग गेज लावतात.

आता त्या संकटाबद्दल. २०१८ च्या डिसेंबरमध्ये पुण्याहून पाच जणांचा ग्रुप आला. त्यातल्या एकाने कड्यापासून झाडीपर्यंत मागचा ब्रेक धरूनच ठेवला. नवखा माणूस घाबरला की हेच करतो, त्यात त्याची चूक नाही. माझी चूक अशी की त्या सायकलचे ब्रेक पॅड मी नुसते डोळ्याने बघून ठीक म्हटले होते. पॅड झिजलेले होते, तापून काचेसारखे गुळगुळीत झाले आणि दरी उघडते त्याच्या अलीकडच्या वळणावर लिव्हर थेट हँडलला टेकली. तो डोंगराच्या बाजूला पडला. गळ्याचं हाड मोडलं. दरीच्या बाजूला पडला असता तर हे लिहायला मी धजलो नसतो. भावाने आणि मी त्याला खांदा देत वाडीपर्यंत आणलं. तिथल्या आक्कांनी लुगड्याची झोळी करून हात गळ्यात बांधला आणि जीप मिळेपर्यंत त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या.

तो बरा झाला, पुढच्या वर्षी पुन्हा आलाही. आम्ही मात्र सव्वा महिना दुकान बंद ठेवलं. त्या दिवसांत एकेक ब्रेक खोलला. पॅडवरचा मसाला नवा असताना साधारण दोन मिलिमीटर असतो. एक मिलिमीटरच्या खाली आला की आमच्याकडे तो पॅड कचऱ्यात जातो. प्रत्येक फेरीआधी मोजमाप होतं आणि सायकलच्या नंबरापुढे वहीत लिहिलं जातं. आण्णांच्या भाड्याच्या वहीसारखीच वही, तीच लाल पुठ्ठ्याची. आणि आता सड्यावर पाऊण तास शिकवल्याशिवाय कुणालाही खाली सोडत नाही. ब्रेक धरून ठेवायचा नाही, दाबायचा आणि सोडायचा. वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात नाही. टाचा खाली, बूड मागे, कोपर सैल. नजर पुढच्या चाकावर ठेवली की माणूस त्याच दगडावर जातो ज्याला तो घाबरत असतो. म्हणून नजर वळणाच्या पलीकडे. ज्याला पाऊण तास नको असतो त्याचे पैसे आम्ही तिथेच परत करतो. दोनदा केले आहेत.

दुसरी चूक वाटेच्या बाबतीतली, आणि ती मला जास्त लागते. पहिली दोन-तीन वर्षं आम्ही पावसातही फेऱ्या काढल्या. धुकं, झरे, सगळं हिरवंगार. लोक त्यासाठीच यायचे. ओल्या तांबड्या मातीत टायरने चर पडला, चरातून पाणी वाहायला लागलं, पाण्याने चर खोल केला. एका श्रावणात वर गेलो तर वाडीचे तात्या गुडघाभर घळीत उभे होते.

"ही काय वाट ऱ्हायली व्हय? वढा झालाय वढा. माझ्या आज्यापासनं बायका डोक्यावर भारं घिऊन येत्यात हितनं. आता पाय कुठं टाकायचा त्यांनी?"

"तात्या, चुकलं आमचं."

"चुकलं म्हणून माती माघारी येतीया का?"

माती माघारी येत नाही हे खरंच. मी ग्रामपंचायतीत गेलो, ज्यांच्या मालकीतून वाट जाते त्या पाच घरी गेलो. वनखात्याच्या हद्दीत आम्ही कुदळ लावत नाही. मालकीच्या पट्ट्यात मात्र वाट पुन्हा बांधायची असं ठरलं. वाटा कशा बांधतात हे तेव्हा वाचून शिकलो. डोंगराच्या मूळ उताराच्या निम्म्यापेक्षा वाट जास्त तीव्र असू नये, नाहीतर पाणी वाट ओलांडून खाली न जाता वाटेलाच नदी करतं. आमची जुनी वाट दीड किलोमीटरमध्ये साडेतीनशे मीटर उतरत होती, म्हणजे २३ टक्क्यांच्या पुढे. सगळ्यात वाईट दोन उतारांवर नागमोडी वळणं काढली, वाटेची बाहेरची कड किंचित खाली झुकवली आणि ठिकठिकाणी पाणी बाजूला काढायला दगडी आडचर घातले. आडचराचं तिरपं मोजमाप आम्हाला पुस्तकातून कळत होतं. दगड कुठला बसवायचा ते तात्यांना कळत होतं. चपटा दगड उभा रोवायचा, दोन हिस्से जमिनीत, एक हिस्सा वर, आणि पाणी जिथे सुटेल तिथे खाली दुसरा दगड अंथरायचा म्हणजे माती खचत नाही. वाडीतल्या बारा माणसांनी दोन उन्हाळे हे काम रोजावर केलं. भारे घेऊन येणाऱ्या बायकांना नवी वळणं लांब पडतात, म्हणून त्यांच्यासाठी जुन्या सरळ वाटेवर दगडी पायऱ्याही केल्या. त्या पायऱ्यांवर सायकल घालायची नाही हा आमचा नियम आहे.

जूनपासून खंडेनवमीपर्यंत आता फेऱ्या बंद. याने वर्षाचं जवळजवळ एक तृतीयांश उत्पन्न जातं. ते आम्ही दुकानातल्या दुरुस्तीवर भरून काढतो, आणि २०२० मध्ये टाळेबंदी उठल्यावर सायकलींची जी मागणी आली तिने आमची ओढाताण बरीच कमी केली. तेव्हा सुटे भाग महिनोन्‌महिने मिळत नव्हते, आणि आण्णांच्या माळ्यावरच्या डब्यांनी अर्ध्या साताऱ्याच्या सायकली चालवल्या.

एक विनंती सारखी येते, तिचं उत्तर इथेच देतो. कासच्या पठारावरच्या फुलांत सायकल चालवायला आम्ही नेत नाही. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कास जागतिक वारशात गेलं ते नंतरचं; मुळात तिथे जांभ्यावर मातीचा जेमतेम थर आहे, काही ठिकाणी बोटभर. सीतेची आसवं, गेंद, तेरडा त्या थरावर उभे असतात. टोपली कारवी तर सात वर्षांनी एकदा फुलते. तिच्यावरून गेलेलं एक चाक सात वर्षांचं नुकसान करतं. फुलं बघायची असतील तर यवतेश्वर घाटाने डांबरी रस्त्यावरून सायकल न्या, पुढे चालत बघा. त्यासाठी सायकल आम्ही आनंदाने देऊ, ब्रेक मोजून.

आज आमच्याकडे अठरा सायकली आहेत. आक्कांच्या पडवीत फेरी संपते. पिठलं-भाकरी आणि खर्डा त्यांच्याकडचा, त्याचे पैसे थेट त्यांच्या हातात. तात्यांची नात बारावी झाली आणि दोन वर्षांपासून ती ग्रुपच्या पुढे उतरते. मी जिथे हातात सायकल धरून चाललो होतो ते वळण ती पाय न टेकवता घेते आणि खाली थांबून मागच्याला ओरडून सांगते, "दाबा, सोडा! धरून ठिवू नका!"

यंदाही खंडेनवमीला दुकानात पाने, पंप, गेज आणि वाडीतून आणलेल्या दोन कुदळी एकाच पाटावर मांडल्या. आण्णांनी हळदकुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकली न घेता आम्ही सगळे चालत वाट उतरलो. एकतीस आडचर. दोन गाळाने भरले होते, एकाचा दगड हलला होता. तो तात्यांनी हलवून बघितला, उपसून पुन्हा रोवला आणि त्याच्यावर उभे राहिले.