सांडशी

२७ मे, रात्री साडेदहा

नवतपाचा तिसरा दिवस. सकाळी आठलाच ओटा तापलेला. दूध उतू जाऊन राहिलं होतं आणि मला त्या वस्तूचं नाव सुचेना. "आई, ते द्या ना, ते... पकडायचं." सासूबाईंनी पदरानंच पातेलं उतरवलं. "काऊन वं, झोप नाही झाली का?"

झोप चांगली सात तास झाली होती.

मल्टिपल स्क्लेरॉसिसचं निदान होऊन मला सहा वर्षं झाली. पाय जड होतो, डावा डोळा एकदा महिनाभर धूसर होता, एवढं लोकांना कळतं. डोक्याचं कळत नाही. नसांवरचं मायलिनचं आवरण आपलीच प्रतिकारशक्ती कुरतडते, मग निरोप पोचतो पण रखडत पोचतो, असं सांगितलं की समोरचा म्हणतो, "अहो, विसरायला तर आम्हालाही होतं." यावर काय बोलायचं ते मला सुचतं, पण तो जिना उतरून गेल्यावर. आता हाच तर आजार आहे!

शार्को नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८६८ साली या दुखण्याचं वर्णन केलं तेव्हाच स्मरणशक्ती अधू होते, विचार मंदावतो, हे नोंदवून ठेवलं होतं. तरी पुढं कित्येक दशकं डॉक्टरांचं सगळं लक्ष हातापायांवरच राहिलं. मग माझ्या सासूबाईंना कोणत्या तोंडानं बोलू?

आज शिकवणीत सतरा चोकवर अडले. आजोबांनी ओसरीवर घोकून घेतलेला पाढा. उत्तर गेलेलं नाही, जागेवरच आहे. संध्याकाळी इतवारीच्या गर्दीतून स्कूटी काढावी तसा तिथवर जायला वेळ लागतो. खडू हातात, वीस पोरं गप्प. शेवटी मागून एक जण म्हणाला, "मॅडम, अडुसष्ट. आमची परीक्षा घेऊन राहिल्या ना तुम्ही?" मी हो म्हटलं. चक्क खोटं.

मार्चमध्ये चिन्हांची ती चाचणी झाली. वर एक ते नऊ आकड्यांची नऊ चिन्हं, खाली चिन्हांच्या ओळी, आणि ९० सेकंदांत जमतील तेवढे आकडे सांगायचे. गेल्या वर्षी ५२ आले होते, यंदा ४६. "तुमचं गणित शाबूत आहे, वेग कमी झालाय," डॉक्टर म्हणाले. मी वीस वर्षं पोरांना वेगच शिकवते आहे.

उन्हाळ्यात हे सगळं वाढतं. अंगातलं तापमान अर्धा अंश चढलं तरी दुखावलेल्या नसा चुकायला लागतात. ऊटहॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरनं १८९० मध्ये व्यायामानं नजर धूसर होते असं लिहिलं; खरं कारण अंगातली उष्णता, हे नंतर कळलं. पूर्वी तर पेशंटला गरम पाण्याच्या टबात बसवून आजार ओळखायचे म्हणे. नागपुरात टब कशाला हवा? दुपारी सीताबर्डीवर उभं करा. अंग गार झालं की बऱ्यापैकी ताळ्यावर येते, म्हणून कूलरला नव्या वाळ्याच्या ताट्या लावल्या. तेवढ्यात लाइट गेली.

मामांच्या तेरवीचं डॉक्टरांखेरीज अजून कुणाला सांगितलेलं नाही. पंगत बसली होती, मामी वाढत होत्या, आणि मला हसू आलं. आतून मी रडत होते, बाहेर हसू थांबेना. यांनी मला हात धरून अंगणात नेलं. मेंदूची भावना आवरणारी वाट बिघडली की काही जणांना असं होतं, मनाशी त्याचा मेळ नसतो, असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं. मामींना हे कसं सांगू? दोन वर्षं त्यांच्याकडे गेले नाही.

आणि उदासी. या आजारात ती फार जणांना गाठते. मेंदूतल्या जखमांनीही आणि असं जगून जगूनही. गोळी चालू आहे, फरक आहे. पण एखाद्या संध्याकाळी रडू आलं की मी हिशेब मांडत बसते: यातलं आजाराचं किती, माझं किती? मामा गेले त्याचं दुःख तरी माझं म्हणू द्या ना.

सांडशी.

आत्ता आलं, हे लिहिता लिहिता. मोठ्यानं म्हणून पाहिलं. हे कुशीवर वळले, "काय पाहिजे?"

"काही नाही. सांडशी."

"ओट्याखाली आहे," म्हणाले आणि पुन्हा घोरायला लागले.